व्हॉल्व्हचा गोडवा: घरच्या रेकॉर्डिंगसाठी इंटरफेस घेण्याआधी



आज एकाच वस्तूच्या दोन नावांपासून सुरुवात करू. ज्यांच्या घरी मर्फीचा किंवा बुशचा मोठा लाकडी रेडिओ होता, त्यांना ‘व्हॉल्व्ह’ हा शब्द माहीत आहे. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आत केशरी उजेड दिसायला लागायचा, अर्धं मिनिट जायचं आणि मग निवेदकाचा आवाज हळूहळू वर यायचा. रेडिओ बंद पडला की दुरुस्तीवाला मागचा पुठ्ठा काढायचा आणि म्हणायचा, ‘व्हॉल्व्ह गेलाय.’ आज घरी बसून गाणं रेकॉर्ड करणारा तरुण त्याच काचेच्या नळीला ‘ट्यूब’ म्हणतो, आणि ती बसवलेला इंटरफेस मिळत असेल तर जास्तीचे पैसे मोजायला तयार असतो. आजोबांना जिची कटकट वाटायची, ती नळी नातवाला चैनीची वस्तू वाटते. मधल्या साठ-सत्तर वर्षांत नेमकं काय घडलं, हे कळल्याशिवाय इंटरफेस निवडायला जाऊ नये, असं माझं मत आहे. म्हणून आज आधी इतिहास आणि मग दुकान.

दोन नावं का, तेही सांगून टाकतो. १९०४ साली इंग्लंडमध्ये जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांनी निर्वात काचेच्या नळीत तापलेली तार आणि तिच्यासमोर धातूची पट्टी ठेवून असं साधन केलं की वीज त्यातून एकाच दिशेने जाई. पाण्याच्या नळाला जशी एका बाजूनेच उघडणारी झडप असते, तशी ही विजेची झडप. म्हणून व्हॉल्व्ह. आपण इंग्रजांच्या राज्यात होतो, म्हणून आपल्याकडे हेच नाव रुळलं. अमेरिकन लोक नळीला नळी म्हणाले, म्हणून ट्यूब. रेकॉर्डिंगची भाषा आज अमेरिकेतून येते, तेव्हा नावही तिथलं आलं. मी आज दोन्ही वापरणार आहे. गोंधळू नका, वस्तू एकच.

फ्लेमिंगच्या नळीत वीज वाढत नव्हती, नुसती अडत होती. दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी तापलेली तार आणि पट्टी यांच्यामध्ये तारेची एक बारीक जाळी घातली. या जाळीवर अगदी क्षीण विद्युतदाब दिला की पलीकडे मोठा प्रवाह त्याच चालीने कमी-जास्त होतो. लहान आवाज मोठा करायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र जगाला पहिल्यांदा मिळालं ते इथे. गंमत अशी की हे असं का होतं याचा खुद्द डी फॉरेस्ट यांना नीट उलगडा झाला नव्हता. नळीत थोडा वायू राहिलेला बरा, अशी त्यांची समजूत होती. नळी पूर्ण निर्वात केली तर ती भरवशाने चालते, हे टेलिफोन कंपनीच्या आणि इतर प्रयोगशाळांनी पुढच्या काही वर्षांत दाखवलं. १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी टेलिफोनची लाइन सुरू झाली, ती या नळ्यांच्या जोरावर. म्हणजे ज्या वस्तूला आज आपण संगीताचं लेणं समजतो, ती नावारूपाला आली टेलिफोनच्या खांबांवर.

आता हे रेकॉर्डिंगमध्ये कसं आलं ते बघा. १९०२ साली गौहर जान यांचं गाणं कोलकात्यात मुद्रित झालं तेव्हा वीज नव्हतीच. समोर एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई, सुईखाली मेण. गायकाच्या आवाजाच्या धक्क्यानेच खाच पडायची. अर्थात गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोर लावावा लागे. साधारण अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही उमटत नसे. म्हणजे ‘स’ आणि ‘श’ यांच्यातला फरक, तंबोऱ्याची झार, श्वास, हे सगळं गेलं.

१९२५ साली अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकची विजेवर चालणारी पद्धत आली. कंडेन्सर माइक, व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणि विजेने हलणारी कोरणी. पुढच्या काही वर्षांत ती भारतातही पोहोचली. गायकाने ओरडायची गरज संपली. हा फरक ऐकायचा असेल तर उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्याकडे जा. मिरजेला राहिलेले खाँसाहेब कर्ण्याच्या काळातही रेकॉर्डवर गायले आणि १९३० च्या दशकात माइकसमोरही गायले. व्हिडिओत मी दोन्ही तुकडे ऐकवले होते. पुस्तकात ते शक्य नाही, तुम्ही शोधून ऐका, सहज मिळतात. पहिल्या तुकड्यात कर्तृत्व ऐकू येतं, दुसऱ्यात माणूस ऐकू येतो. त्यांचा तो बारीक, ओलसर लगाव कर्ण्याला पेलणारा नव्हताच.

आणि मराठी माणसाने तर या नळीचे विशेष आभार मानायला हवेत. १९३२ साली जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता रेकॉर्डवर गायली. मराठी भावगीताची सुरुवात पुष्कळजण तिथून मोजतात. कानाशी बोलल्यासारखं गाणं, नाट्यगृहातल्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची गरज नसलेलं गाणं. कर्ण्याच्या काळात असलं गाणं रेकॉर्डवर टिकलं नसतं. पुढे १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायणाने वर्षभर घराघरांत श्रोते बसवले, तोही व्हॉल्व्हचाच काळ. केंद्रावर व्हॉल्व्ह आणि श्रोत्याच्या रेडिओतही व्हॉल्व्ह. मुंबईत ताडदेवला, वांद्र्याला जी हिंदी सिनेमाची गाणी मोजक्या माइकवर, गायक आणि वाद्यवृंद एकत्र उभे करून झाली, तीही या नळ्यांतूनच गेली.

तेव्हा ‘जुन्या गाण्यांत जो गोडवा आहे तो ट्यूबचा’ असं कोणी म्हणालं की मान डोलवावीशी वाटते. पण जरा थांबा.

त्या काळातले इंजिनिअर या गोडव्याबद्दल काय करत होते? तो घालवण्याचा प्रयत्न. माझ्या मते या सगळ्या कथेत सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी सांगितला जाणारा भाग हाच आहे. व्हॉल्व्ह आवाज मोठा करताना त्यात स्वतःचं थोडं मिसळतो, त्याला आपण डिस्टॉर्शन म्हणतो. टेलिफोनच्या लांब लाइनवर एकामागून एक अँप्लिफायर लागत. प्रत्येकाने थोडी घाण मिसळली की शेवटी बोलणं चिखलात जायचं. हॅरल्ड ब्लॅक नावाचा बेल लॅबोरेटरीजचा तरुण इंजिनिअर काही वर्षं या एकाच प्रश्नामागे लागला होता. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या बोटीत उभा असताना, त्याला उत्तर सुचलं. हातात न्यूयॉर्क टाइम्स होता, त्याच्या एका कोऱ्या जागेवर त्याने आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा हिस्सा उलटा करून परत आत द्यायचा. आवाज कमी वाढतो, पण नळीने जे मिसळलं ते बरंचसं कापलं जातं. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. विसाव्या शतकातला जवळजवळ प्रत्येक चांगला अँप्लिफायर या युक्तीवर उभा आहे, व्हॉल्व्हचेसुद्धा.

म्हणजे जर्मनीत नॉयमनने १९४९ साली यू ४७ हा माइक काढला आणि त्यात टेलिफुंकेनचा व्हीएफ १४ नावाचा व्हॉल्व्ह घातला, किंवा लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत ईएमआयने व्हॉल्व्हवर चालणारे मिक्सर बसवले, तेव्हा कोणीही ‘ऊब’ विकत घेत नव्हतं. त्यांना त्या काळात मिळणारा सर्वांत स्वच्छ आवाज हवा होता. त्यासाठी मोठे ट्रान्सफॉर्मर, अडीचशे-तीनशे व्होल्टचा स्थिर पुरवठा, निवडून घेतलेल्या नळ्या आणि दररोज हातात मीटर घेऊन फिरणारी माणसं होती. तो गोडवा या सगळ्या खटाटोपातून उरलेला शेष आहे. आपण आज तो शेषच तेवढा मागतो आणि खटाटोप विसरतो.

ट्रान्झिस्टर १९४७ च्या डिसेंबरात बेल लॅबोरेटरीजमध्येच जन्मला. साठच्या दशकात स्टुडिओ हळूहळू त्याच्याकडे वळले. याच काळात आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते. जग निघालं तेव्हा आपण पोहोचलो, ही आपली जुनी सवय. नॉयमनचा यू ८७ हा ट्रान्झिस्टरवरचा माइक १९६७ चा. अ‍ॅबी रोडला ट्रान्झिस्टरचा मिक्सर १९६८ च्या अखेरीस आला आणि बीटल्सची ‘अ‍ॅबी रोड’ ही १९६९ ची रेकॉर्ड त्यावर झाली. त्यांचे इंजिनिअर जेफ एमरिक यांनी लिहून ठेवलं आहे की नव्या मिक्सरवर आवाज मऊ यायला लागला, जुना ठोसा गेला. ऐका जरा नीट: व्हॉल्व्हवर ठोसा होता आणि ट्रान्झिस्टरवर मऊपणा आला! आज बाजारात जे सांगतात त्याच्या नेमकं उलट. आणि सत्तरच्या दशकातल्या ज्या रेकॉर्डना लोक ‘उबदार’ म्हणतात, त्यातल्या कित्येक रुपर्ट नीव्ह यांच्या १०७३ सारख्या प्रीअँपवर झाल्या, ज्यात नळी नावालाही नाही. ट्रान्झिस्टर आहेत, लोखंडी गाभ्याचे ट्रान्सफॉर्मर आहेत आणि पुढे टेप आहे. उबेचं श्रेय वाटायचं झालं तर रांग बरीच लांब आहे.

मग ट्यूब परत आली कुठून? डिजिटलमधून. १९८२ साली सीडी आली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अ‍ॅलेसिसचं एडॅट यंत्र आलं आणि घरात आठ ट्रॅकचं डिजिटल रेकॉर्डिंग शक्य झालं. सुरुवातीची डिजिटल यंत्रं कानाला कोरडी लागत. टेप होती तोवर टेप कडा गोल करून देत असे, आता माइकमधला आणि गायकामधला प्रत्येक दोष उघडा पडू लागला. लोकांना वाटलं, काहीतरी हरवलं. स्टुडिओंनी अडगळीतले व्हॉल्व्ह बाहेर काढले, जुन्या माइकच्या किमती आभाळाला भिडल्या, आणि उत्पादकांच्या लक्षात आलं की स्वस्त पेटीत एक नळी बसवून वर ‘ट्यूब’ लिहिलं की ती विकली जाते. आज आपण ज्या दुकानात उभे आहोत ते हे दुकान.

चला तर आत जाऊ. इंटरफेस म्हणजे काय, हे नवीन मंडळींसाठी दोन वाक्यांत. माइक अगदी क्षीण वीज देतो. गाणाऱ्याच्या तोंडाजवळ धरलेला साधा डायनॅमिक माइक साधारण दोन मिलिव्होल्ट देतो. पुढच्या यंत्रांना एक-सव्वा व्होल्ट लागतो. म्हणजे पाचशे-सहाशे पट वाढ, आणि कोणी हळू गात असेल किंवा माइक हातभर लांब असेल तर हजारपटीच्याही वर. ही वाढ करतो तो प्रीअँप. वाढवलेल्या आवाजाचे आकडे करून कॉम्प्युटरला देतो तो पुढचा भाग. दोन्ही एका डब्यात घातले की झाला इंटरफेस.

या डब्यात सहसा जी नळी बसवतात तिचं नाव १२एएक्स७. युरोपात तिलाच ईसीसी८३ म्हणतात. तिचा तांत्रिक कागद उघडा. नळीतली तार तापवायला ६.३ व्होल्टवर ३०० मिलिअँपियर लागतात. गुणाकार करा, जवळजवळ १.९ वॅट. ही झाली नुसती शेगडी. शिवाय पट्टीवर अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असावा, असं तोच कागद सांगतो. आता यूएसबी २ च्या केबलमधून किती वीज मिळते? ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपियर, म्हणजे अडीच वॅट. त्यातली १.९ शेगडीने खाल्ली तर उरलेल्या पाऊण वॅटपेक्षाही कमी विजेत प्रीअँप, कन्व्हर्टर, कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा आणि हेडफोन, हे सगळं बसवायचं. बसत नाही. टाइप-सी आता जास्त वीज देऊ शकतं, पण हिशेबाची रीत तीच. तेव्हा पहिली खूण लक्षात ठेवा: ट्यूब आहे म्हणणाऱ्या डब्याला भिंतीत लावायचा स्वतःचा अडॅप्टर आहे का? नसेल तर ती नळी तिथे कशासाठी आहे, हा प्रश्न दुकानदाराला विचारा.

अडॅप्टर असला म्हणजेही सगळं आलबेल नाही. स्वस्त उपकरणांत नळीला अडीचशेऐवजी काही थोडक्या व्होल्टवर चालवतात. या पद्धतीला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘उपाशी ठेवलेली पट्टी’ असा होतो, आणि नाव अगदी चपखल आहे. खरी वाढ शेजारची आयसी करते. नळीतून आवाज नुसता फिरवून आणतात, म्हणजे तो थोडा मळतो. काही डब्यांत नळीच्या मागे एलईडी लावलेला असतो, म्हणजे केशरी उजेड छान दिसावा. देवघरात विजेची समई असते ना, तसं. कोणाला ती समई आवडत असेल तर माझी हरकत नाही, फक्त तेलाचे पैसे देऊ नका.

आणखी एक प्रकार आहे, त्याला मी फसवणूक म्हणणार नाही. युनिव्हर्सल ऑडिओने २०२१ साली व्होल्ट नावाचे इंटरफेस काढले. त्यावर ‘व्हिंटेज’ असं बटण आहे. ते दाबलं की कंपनीचे मूळ पुरुष बिल पटनम यांच्या ६१० या जुन्या व्हॉल्व्ह प्रीअँपच्या आवाजाची नक्कल होते. आत नळी नाही, आणि कंपनीही नळी आहे असं म्हणत नाही. बटण दाबा, नको असेल तर सोडा. याच कंपनीच्या वरच्या वर्गातल्या चार माइकच्या एका प्रीअँपमध्ये मात्र खऱ्या नळ्या आहेत, आणि नळी किती, ट्रान्झिस्टर किती, हे एका खुंटीने ठरवता येतं. त्याची किंमत बघितली की खऱ्या नळीला काय लागतं हे आपोआप समजतं.

आता तो गोडवा म्हणजे नेमकं काय, ते आपल्या स्वरांत सांगतो. समजा तुमचा सा २४० हर्ट्झवर आहे. अशा साध्या मांडणीतली नळी त्यात मुख्यतः दुप्पट कंपनांचा सूर मिसळते, ४८०, म्हणजे तार सा. थोडा तिप्पटही मिसळते, ७२०, म्हणजे वरचा पंचम. दोन्ही सुरातच आहेत! म्हणून एकट्या गळ्यावर हा भेसळीचा माल गोड लागतो, आवाज भरल्यासारखा वाटतो. पण एकाच माइकमध्ये दोन सूर गेले तर? तंबोऱ्याचा सा २४० आणि गायकाचा कोमल रे २५६. नळी यांची बेरीज-वजाबाकीही करते. बेरीज ४९६. हा तार सा नाही, तार कोमल रे नाही, कुठलाच स्वर नाही. सूर लावायला जन्म घालवलेल्या माणसाच्या रेकॉर्डिंगमध्ये आपण हा पाहुणा का बसवावा?

आणि तंबोऱ्याचं तर मला वेगळंच सांगायचं आहे. मिरजेचे कारागीर जवारी लावतात म्हणजे काय करतात? तार घोडीवर अलगद घासत राहील असा पृष्ठभाग करतात, मधे सूत सरकवतात, म्हणजे एका तारेतून स्वरांचा अख्खा गुच्छ फुलतो. मूळ तारेत नसलेली समृद्धी हाताने घालायची विद्या आपल्याकडे व्हॉल्व्हच्या फार आधीपासून आहे. त्यावर ट्यूबची ऊब घालणं म्हणजे जिलबीवर गूळ किसणं. इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचं वेगळं आहे. त्यांचं वाद्यच अँप्लिफायर मळवून वाजतं, ट्यूब त्यांच्या सुराचा भाग आहे. त्यांच्यासाठी लिहिलेल्या शिफारशी वाचून आपण हार्मोनियम आणि गळ्यासाठी खरेदी करतो, तिथे घोटाळा होतो.

मला आलेल्या पत्रांतलं एक इथे सांगतो, कारण नुसत्या आकड्यांचा हा प्रश्न नाही. मध्य प्रदेशातल्या एका गृहस्थांनी लिहिलं की वडील ऐंशी पार आहेत, तरुणपणी हौशी संगीत नाटकांत गायचे, गळा अजून आहे, पण सकाळी तासभरच. ते रेकॉर्ड करून ठेवायचं आहे. दुकानदाराने ट्यूबवाला इंटरफेस सांगितला आहे आणि तेवढी रक्कम जमेपर्यंत दोन-तीन महिने थांबावं लागेल. मी त्यांना कळवलं की थांबू नका. दोन माइक लागतील असा साधा, बिनट्यूबचा, नावाजलेल्या कंपनीचा इंटरफेस या आठवड्यात घ्या. आज त्या वर्गातले प्रीअँप इतके शांत झाले आहेत की त्यांचा स्वतःचा खळखळाट निसर्गाने घालून दिलेल्या मर्यादेपासून थोड्याच डेसिबलांवर असतो. म्हाताऱ्या माणसाचा आवाज हळू असतो, त्याला वाढ जास्त लागते, आणि वाढ जास्त लागली की प्रीअँपची शांतता हाच सगळ्यात मोठा गुण ठरतो. नळी नेमकी तिथे मागे पडते, ती स्वभावाने सळसळते.

दुसरं कारण याहून मोठं आहे. रेकॉर्ड करतानाच आवाज नळीतून गेला तर जे मिसळलं ते कायमचं मिसळलं. ते काढता येत नाही. स्वच्छ रेकॉर्ड केलेल्या आवाजावर ट्यूबचा रंग नंतर सॉफ्टवेअरने चढवता येतो, दहा प्रकारे चढवून बघता येतो, आणि मुलांना तो आवडला नाही तर नातू काढून टाकू शकतो. म्हणून ज्यांना ट्यूब घ्यायचीच आहे त्यांनी ती बाजूला करायची सोय आहे ना, हे बघावं. नसेल तर तो इंटरफेस परत शेल्फवर ठेवावा.

आणि पातळी कमी ठेवा. टेपच्या काळात आवाज वरपर्यंत भरावा लागे, नाहीतर टेपची खरखर वर यायची. आज २४ बिटांवर रेकॉर्ड करताना सर्वांत मोठा आवाज मीटरवर उणे १२ च्या आसपास राहिला तरी काही बिघडत नाही. तान अचानक वर गेली तरी फाटत नाही.

एक गोष्ट परदेशी सल्ल्यात कधीच नसते, ती आपल्या भिंतीत असते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसलं की रेकॉर्डिंगमध्ये ५० आणि १०० हर्ट्झची घूं बसते, आणि ती तंबोऱ्याच्या खालच्या षड्जाशी भांडते. जुन्या वाड्यांत, भाड्याच्या खोल्यांत, तिसरी पिन नुसती दिसायला असते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा, घूं गेली तर दोष कुठे आहे ते कळलं. ट्यूब इंटरफेससाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा हिस्सा इलेक्ट्रिशियनला द्या. खोटं वाटेल, पण आवाज सुधारण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

तर मग खरी ट्यूब कोणी घ्यावी? जो रोज गातो किंवा वाजवतो, ज्याच्याकडे चांगला माइक आणि बऱ्यापैकी खोली आधीच आहे, आणि ज्याला आपल्या गळ्यावर तो रंग हवा आहे हे ऐकून कळलेलं आहे. त्याने इंटरफेसमध्ये ट्यूब शोधू नये. पूर्ण दाबावर चालणारा वेगळा व्हॉल्व्ह प्रीअँप घ्यावा आणि तो साध्या इंटरफेसच्या लाइन इनपुटला जोडावा. इंटरफेस चार-पाच वर्षांत जुना होतो, त्याचं सॉफ्टवेअर बंद पडतं. चांगला प्रीअँप मात्र वीस वर्षं चालतो. फक्त नळ्या कुठून येतात ते माहीत असू द्या. आज जगात त्या बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत, रशियात साराटोव्हला, स्लोव्हाकियात चाडत्साला आणि चीनमध्ये. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा रशियातून येणारा माल काही काळ अडकला आणि गिटारवाल्यांची तारांबळ उडाली. सुटी नळी एखादी जास्त घेऊन ठेवा, आणि बदलताना यंत्र बंद करून, गार होऊ देऊन बदला. आतले अडीचशे व्होल्ट खरे असतील तर ते चांगलेच झटका देतात.

पुढच्या भागात खोलीबद्दल बोलू: गोधड्या, पुस्तकांचं कपाट, पंख्याचा आवाज आणि दुपारी दोनची शांतता. तोपर्यंत ज्या खोलीत रेकॉर्डिंग करणार आहात तिच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ वाजत राहते ते ऐकून ठेवा.